पेशीविभाजन शिकताना या चुका टाळा

पेशीविभाजनाच्या प्रश्नात मुलांचे मार्क जातात ते बहुतेक वेळा एकाच जागी. प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज हा क्रम सहसा कुणी विसरत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पहिल्या पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावीला, सायन्स घेतलेली खानापूर, निपाणी, उचगाव, येळ्ळूरकडची मुलंही तो आठवड्याभरात घडाघडा म्हणतात. पण चित्रावर बोट ठेवून ‘आत्ता या पेशीत गुणसूत्रं किती?’ एवढंच विचारलं की वर्ग गप्प. अवस्था पाठ असतात, हिशेब कुणी ठेवलेला नसतो. खाली सांगितलेल्या बऱ्याच चुका या एका सवयीतून येतात, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवणार आहे. पीयूसीचं पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वापरतो.

डीएनए दुप्पट झाला, गुणसूत्रं तेवढीच राहिली

दोन विभाजनांमधल्या काळाला इंटरफेज म्हणतात आणि त्याचे जी-१, एस, जी-२ असे तीन टप्पे. त्यातल्या एस फेजमध्ये डीएनए दुप्पट होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं वाक्य उत्तरपत्रिकेत हमखास चुकीचं येतं: ‘म्हणून गुणसूत्रांची संख्याही दुप्पट होते.’ होत नाही. गुणसूत्रं मोजायची ती त्यांच्या सेंट्रोमिअरवरून, म्हणजे गुणसूत्रबिंदूवरून. जितके सेंट्रोमिअर सुटे दिसतात तितकी गुणसूत्रं. एस फेजमध्ये प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते, पण मूळ आणि प्रत सेंट्रोमिअरपाशी जोडलेलीच राहतात. त्या जोडलेल्या दोन भागांना सिस्टर क्रोमॅटिड म्हणायचं आणि दोन्ही मिळून गुणसूत्र एकच धरायचं.

कांद्याचंच घ्या, कारण प्रॅक्टिकलला तोच आहे. कांद्याच्या मुळाच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. जी-१ मध्ये १६ गुणसूत्रं आणि डीएनएचे १६ रेणू. एस फेज संपली की गुणसूत्रं १६ च, पण क्रोमॅटिड ३२ आणि डीएनएचे रेणूही ३२. जी-२, प्रोफेज, मेटाफेज इथपर्यंत हाच आकडा. ॲनाफेज सुरू झाला की सेंट्रोमिअर दुभंगतात, प्रत्येक क्रोमॅटिड स्वतंत्र गुणसूत्र होतं आणि त्या थोड्या वेळापुरती एकाच पेशीत ३२ गुणसूत्रं असतात. पेशीचे दोन भाग झाले की प्रत्येकीत पुन्हा १६.

माणसाच्या पेशीत हेच आकडे ४६, ४६, ९२ आणि शेवटी ४६ असे येतात. ९२ हा आकडा बघून मुलं दचकतात आणि खोडून ४६ करतात. खोडू नका. ॲनाफेजमधल्या पेशीबद्दल प्रश्न असेल तर ९२ च बरोबर आहे.

क्रोमॅटिन, क्रोमॅटिड आणि क्रोमोसोम या तिन्हींची सरमिसळ हेही याच चुकीचं भावंड. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरातल्या मुलांना हे पटकन समजतं. सुट्ट्या सुताचा गुंता आणि कांडीवर घट्ट गुंडाळलेलं सूत, दोन्हीकडे सूत तेच असतं. क्रोमॅटिन म्हणजे मोकळं पसरलेलं, गुणसूत्र म्हणजे तेच गुंडाळून आखूड आणि जाड झालेलं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे २ मीटर भरतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात मावलेला असतो. न गुंडाळता तो दोन टोकांना ओढायचा म्हटलं तर तुटून जाईल. म्हणून प्रोफेजचं पहिलं काम म्हणजे गुंडाळणं. इंटरफेजमध्ये गुणसूत्रं सुटी दिसत नाहीत याचा अर्थ ती तिथं नसतात असा नाही, ती मोकळी पसरलेली असतात.

इंटरफेजला ‘विश्रांतीची अवस्था’ म्हणणंही आता सोडून द्या. पेशी त्या काळात वाढते, प्रथिनं बनवते, डीएनएची प्रत काढते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं धरलं तर प्रत्यक्ष विभाजनाला लागतो जेमतेम एक तास. बाकीचा सगळा वेळ इंटरफेजचा. हे लक्षात ठेवा, पुढं स्लाईड बघताना उपयोगी पडेल.

मिऑसिसमध्ये नेमकं काय वेगळं होतं ते विचारा

मिऑसिस, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजन, शिकताना मुलं सगळा जोर पहिल्या विभाजनातल्या प्रोफेजच्या (प्रोफेज-१) लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकीटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस या पाच टप्प्यांच्या नावांवर घालवतात. नावं लागतात, नाही असं नाही. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं हवं: पहिल्या विभाजनात एकमेकांपासून दूर काय जातं आणि दुसऱ्यात काय?

पहिल्यात समजात गुणसूत्रांची जोडी सुटते. आईकडून आलेलं एक आणि वडिलांकडून आलेलं एक, अशी ती जोडी. सेंट्रोमिअर या वेळी दुभंगत नाही, त्यामुळे टोकाकडे निघालेल्या प्रत्येक गुणसूत्राला अजून दोन क्रोमॅटिड असतात. दुसऱ्या विभाजनात सेंट्रोमिअर दुभंगतात आणि सिस्टर क्रोमॅटिड वेगळे होतात, अगदी मायटॉसिससारखे, म्हणजे वर कांद्यात बघितलेल्या नेहमीच्या विभाजनासारखे. गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ती पहिल्या विभाजनात. ‘दोनदा विभाजन होतं म्हणून दुसऱ्यांदा निम्मी होते’ असं लिहिणाऱ्यांनी एकदा आकडे मांडून बघावेत. १६ ची पहिल्या विभाजनानंतर ८ होतात आणि दुसऱ्यानंतर ८ च राहतात. दुसऱ्यांदा निम्मा होतो तो डीएनए.

दोन विभाजनांच्या मधे डीएनएची प्रत पुन्हा निघत नाही. निघाली असती तर निम्मं होण्याला काही अर्थच उरला नसता. कारण समजलं की हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

क्रॉसिंग ओव्हरच्या व्याख्येत एक शब्द गळला की उत्तर चुकतं. देवाणघेवाण होते ती समजात गुणसूत्रांच्या नॉन-सिस्टर क्रोमॅटिडमध्ये, पॅकीटीनमध्ये. सिस्टर क्रोमॅटिड एकमेकांच्या हुबेहूब प्रती असतात. त्यांच्यात अदलाबदल झाली तरी नवं काहीच तयार होणार नाही. आणि कायॅझ्मा, म्हणजे जिथं ती जोडी अजून अडकलेली दिसते ती जागा, स्पष्ट दिसते डिप्लोटीनमध्ये. घटना आधीची, खूण नंतरची.

आणखी एक घट्ट बसलेली समजूत: ‘वृषणात आणि अंडाशयात फक्त मिऑसिस, बाकी शरीरात मायटॉसिस.’ शुक्राणू ज्या मूळ पेशींपासून तयार होतात त्या आधी मायटॉसिसनेच आपली संख्या वाढवतात. मायटॉसिसला द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशीच लागते असंही नाही. नर मधमाशी एकगुणितच (एकाच संचाची) असते आणि तिच्या शरीरातल्या पेशी मायटॉसिसनेच वाढतात.

कांद्याचं मूळ आणि न दिसणारी गुणसूत्रं

प्रॅक्टिकलला सगळ्यात जास्त निराशा इथं होते, आणि खरं तर इथंच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

कांद्याची जुनी सुकलेली मुळं ब्लेडने हळू खरवडून काढा आणि पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर कांदा असा बसवा की फक्त त्याची बैठक पाण्याला टेकेल. कांदा बुडवून ठेवला तर तो कुजतो. पाणी रोज बदला. तीन ते सहा दिवसांत दोन-तीन सेंटिमीटर मुळं फुटतात. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या थंडीत जास्तही वेळ लागतो. काही कांद्यांना मुळं फुटतच नाहीत, म्हणून प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात एकाच्या भरवशावर राहू नका, दोन-तीन लावा. लसणाची पाकळीही चालते. तिची मुळं लवकर फुटतात आणि गुणसूत्रं तिच्यातही १६ च.

मुळं कापायची वेळ महत्त्वाची आहे. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान विभाजन होत असलेल्या पेशी जास्त मिळतात. प्रॅक्टिकल दुपारी आहे म्हणून मुळंही दुपारी कापली, तर स्लाईड कितीही चांगली केली तरी तीत काही सापडत नाही. सकाळीच कापा आणि लगेच एक भाग ग्लेशियल असेटिक ॲसिड व तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात चोवीस तास ठेवा. त्यामुळे पेशी ज्या अवस्थेत होती त्याच अवस्थेत थांबते. नंतर ती मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली की हवी तेव्हा वापरता येतात. या मिश्रणात अल्कोहोल आहे, ते पेट घेतं. त्याची बाटली स्पिरिट लॅम्पजवळ कधीही ठेवू नका.

आता स्लाईडवर काय दिसतं त्यावरून चूक कुठं झाली ते ओळखता येतं. एक मुलगी मायक्रोस्कोपवरून डोळा काढून म्हणाली, ‘सर, नुसत्या लांब लांब पेशीच दिसालेत, गुणसूत्रं काय दिसंनात.’ तिच्या वॉच ग्लासमध्ये बघितलं तर मुळाचं रंगलेलं टोक तसंच पडलेलं, आणि स्लाईडवर त्याच्यामागचा तुकडा. विभाजन चालतं ते टोकाच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये. ॲसिटोकारमाइन या लाल रंगात तोच भाग जास्त गडद रंगतो, कारण तिथल्या छोट्या पेशींत केंद्रक मोठं असतं. गडद भाग ठेवायचा आणि फिका टाकायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. लांबट पेशी दिसल्या म्हणजे तुम्ही वाढीच्या भागात आहात, विभाजनाच्या नाही.

पेशी एकावर एक चढलेल्या, जाड थर दिसतोय? मग हायड्रोक्लोरिक ॲसिडची पायरी घाईत उरकली असणार. सौम्य ॲसिडमध्ये मूळ हलकं गरम केल्यावर पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल होतं. ते झालं नाही तर अंगठ्याने कितीही दाबा, पेशी सुट्या होणार नाहीत. दाबतानाही कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून सरळ वरून दाबायचं. बाजूला सरकवलं की पेशी गुंडाळल्या जातात आणि गुणसूत्रं एकमेकांत मिसळतात.

सगळंच लालभडक दिसत असेल तर रंग जास्त झालाय किंवा स्लाईड इतकी तापली की रंग उकळून वाळला. ज्योतीवरून स्लाईड फिरवायची ती हाताच्या पाठीला सोसेल इतपत कोमट होईपर्यंतच. काळ्या जाड कडेचे गोल दिसले तर त्या पेशी नव्हेत, हवेचे बुडबुडे आहेत. कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून सुईने हळू खाली सोडली की ते होत नाहीत.

एवढं सगळं नीट करूनही बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच दिसतील, आणि तसंच असायला हवं. वर चोवीस तासांत एक तास असं म्हटलं त्याचाच हा पुरावा समोर येतो. कांद्यात आकडा वेगळा असतो, पण इंटरफेजचा काळ सगळ्यात मोठा हे तिथंही खरं. म्हणून एका जागी डोळा लावून बसू नका, स्लाईड सावकाश सरकवत शोधा. आधी १०एक्सवर छोट्या चौकोनी पेशींचा पट्टा शोधा, मग ४०एक्स किंवा ४५एक्सवर जा आणि त्यानंतर मोठा स्क्रू अजिबात फिरवू नका. लेन्स काचेवर आदळते आणि स्लाईड फुटते. मुळाच्या टोकात मिऑसिस शोधत बसणाऱ्यांसाठीही सांगतो, ते तिथं नसतंच. फुलाच्या कोवळ्या कळीतल्या परागकोशात बघा.

रेकॉर्ड बुकातली आकृती

ॲनाफेजच्या आकृतीत इंग्रजी व्हीसारखी गुणसूत्रं काढतात, आणि वर्गातले बरेच जण ती उलटी काढतात. तर्कुतंतू, म्हणजे गुणसूत्रं ओढणारे धागे, ओढतात ते सेंट्रोमिअरला, म्हणून सेंट्रोमिअर पुढं, टोकाच्या दिशेने, आणि दोन्ही भुजा मागं रेंगाळलेल्या असायला हव्यात. उलटी व्ही काढली की मुलाला यंत्रणा समजलेली नाही हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

मेटाफेज आणि मेटाफेज-१ यांच्या आकृत्या सारख्याच काढणं ही दुसरी चूक. मायटॉसिसच्या मेटाफेजमध्ये गुणसूत्रं मध्यरेषेवर एकेकटी उभी राहतात, मेटाफेज-१ मध्ये जोड्यांनी. रंगीत पेन्सिलीने आईकडचं एक आणि वडिलांकडचं एक दाखवलं तर स्वतःलाच चूक दिसते.

वनस्पतीची पेशी काढायची आणि तिला बाहेरून चिमटल्यासारखी खाच दाखवायची, हेही नेहमीचंच. प्राण्यांच्या पेशीत खाच बाहेरून आत जाते. वनस्पतीत पेशीभित्तिकेमुळे ते शक्य नसतं, तिथं पेशीपट्टी मधून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला वाढत जाते. प्राण्यांच्या पेशीत तर्कुतंतूंच्या टोकांशी दिसणारे सेंट्रिओल कांद्याच्या पेशीत काढू नका. पण सेंट्रिओल नाही म्हणून तंतूच नसतात असंही लिहू नका. उच्च वनस्पतींत सेंट्रिओल नसूनही तर्कुतंतू व्यवस्थित तयार होतात.

पेशीच्या पाठातल्या लहान चुका

‘प्राण्यांच्या पेशीत तंतुकणिका आणि वनस्पतीच्या पेशीत हरितलवक’ अशी वाटणी नाही. वनस्पतीच्या पेशीत दोन्ही असतात, कारण तिलाही श्वसन करावं लागतं. मात्र कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक शोधू नका, जमिनीखालच्या त्या पेशींत ते नसतात.

पेशीभित्तिका असली म्हणजे पेशीपटल नसतं, असंही नाही. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचा पापुद्रा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवून बघा. आतलं जांभळं द्रव्य आकसून भिंतीपासून सुटतं आणि भिंत जागेवर राहते. सुटलेल्या भागाच्या कडेला आहे ते पेशीपटल. ‘पूर्ण पेशी आकसली’ असं निरीक्षणात लिहिलं तर ते चूक.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात बघितल्या त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. केंद्रकाला नाव दिलं रॉबर्ट ब्राउनने, १८३१ मध्ये. पेशी सिद्धांत मांडला श्लायडन आणि श्वान यांनी, १८३८-३९ मध्ये, आणि पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते हा मुद्दा जोडला फिर्खोने १८५५ मध्ये. हे सगळं हूकच्या नावावर घालणारी उत्तरं दरवर्षी येतात.

जीव जितका मोठा किंवा प्रगत तितकी त्याची गुणसूत्रं जास्त, हा समज आपल्या भागातलीच पिकं मोडून काढतात. निपाणीच्या तंबाखूत ४८ गुणसूत्रं, बटाट्यातही ४८, माणसात ४६, खानापूरच्या भातात २४. आणि अथणी-चिकोडीकडच्या शेतातल्या उसात शंभराच्या वर.

जिवाणू मायटॉसिस करत नाहीत. त्यांना केंद्रकच नाही, तर केंद्रकाचं विभाजन कुठलं? त्यांचं ते द्विविखंडन.

एक गणित

संकेश्वरी मिरचीच्या मुळाच्या पेशीत जी-१ मध्ये २४ गुणसूत्रं आहेत, डीएनए २सी (१सी म्हणजे गुणसूत्रांच्या एका संचातला, प्रत न निघालेला डीएनए). आधी वहीत स्वतः सोडवा: जी-२ मध्ये गुणसूत्रं आणि क्रोमॅटिड किती? मायटॉसिसच्या ॲनाफेजमध्ये गुणसूत्रं किती? परागमातृपेशीत (जिच्या मिऑसिसमधून परागकण तयार होतात तिच्यात) मेटाफेज-१ ला किती जोड्या? ॲनाफेज-१ मध्ये एका टोकाकडे काय जातं? प्रोफेज-१ पासून नुकत्याच तयार झालेल्या परागकणापर्यंत डीएनए कसा बदलतो?

उत्तरं अशी. जी-२ मध्ये २४ गुणसूत्रं, ४८ क्रोमॅटिड. ॲनाफेजमध्ये ४८ गुणसूत्रं. मेटाफेज-१ ला १२ जोड्या. ॲनाफेज-१ मध्ये एका टोकाकडे १२ गुणसूत्रं, क्रोमॅटिड २४. प्रोफेज-१ मध्ये डीएनए ४सी, पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत २सी, दुसऱ्यानंतर १सी, आणि नुकत्याच तयार झालेल्या परागकणात १२ गुणसूत्रं.